चाळलेली माती

१२ जानेवारी

वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण दादा स्पीकर लावून घड्याळं दुरुस्त करत बसतो आणि आपण जरा कुठे बोलायला लागलो की विचारतो, "काय म्हणाली? काय म्हणाली?" त्याला ऐकू येत नाही म्हणून आपण दोघींनी मुकं व्हायचं. शिवाय काम असं आहे की लिहून सांगितलेलं बरं. तोंडी सांगितलं तर अर्धं तू विसरशील आणि अर्धं आपल्या मनाने करशील.

मला घरची माती हवी आहे. हो, माती. हसून झालं की पुढे वाच.

आमची प्रयोगशाळा सध्या नदीकाठच्या जमिनी तपासते आहे, हे तुला माहीत आहेच. वर, पुलाजवळ, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायच्या भट्ट्या आहेत. त्यांची राख आणि धुण्याचं पाणी वर्षानुवर्षं नदीत जातंय. शिसं म्हणजे विषच, आणि ते सगळ्यात जास्त बाधतं लहान मुलांना. कोणत्या जमिनीत ते किती उतरलंय ते आम्ही मोजतो. पण मोजलेलं कशाशी तरी ताडून बघावं लागतं, म्हणून जिथे हे विष पोचलेलं नाही अशी एक माती लागते. भट्ट्यांच्या वरच्या अंगाला सगळा मुरूम आणि खडक, ती माती जातीनेच वेगळी. मोठे साहेब म्हणाले, मग आणायची कुठून? मी म्हटलं, माझ्या माहेरची घ्या. नदीच्या वळणाच्या पुढे, इतकी खाली, तिथवर काय पोचणार आहे! वळणापुढच्या वस्तीचा नमुना म्हणूनही तीच धरता येईल, मला वेगळी खेप पडणार नाही.

तर नीट वाच. परसातल्या खालच्या वाफ्यातून, जिथे तू भाजी लावतेस तिथून, पाच ठिकाणची माती काढायची. वितभर खोल. सगळी एकत्र करून दोन ओंजळी कापडी पिशवीत भरायची. पत्र्याच्या डब्यात नको. आणि साफसफाई करत बसू नकोस, जशी आहे तशी पाठव.

जाता जाता सांगते, रागावू नकोस. गेल्या वेळी आले तेव्हा परसाकडे बघवेना गं. आईच्या वेळी तिथे तणाची एक काडी दिसायची नाही. तू शिवणातून थोडा वेळ काढत जा.

भिंगरी काय म्हणते? लेक-जावई नोकरीसाठी परमुलखात आणि नात आजीच्या पदराला, म्हणजे तुझं दुसरं बाळंतपण चालू आहे म्हणायचं. तिला माझा पापा.

तुझी,
उंटावरून शेळ्या हाकणारी नणंद


२५ जानेवारी

वन्सं,

पत्र पोचलं. लोकांच्या नणंदा दागिने मागतात, आमच्या नणंदबाईंनी माती मागितली. स्वस्तात सुटले म्हणायचं.

पिशवी सोबत आहे. शाळेच्या गणवेशाचं निळं कापड उरलं होतं, त्याचीच दुहेरी शिवली. पोस्टातल्या बाईने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "माती." ती म्हणाली, "अहो, खरं सांगा." मग तिला उघडून दाखवली, तेव्हा कुठे तिने शिक्का मारला. वर मला म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

माती चांगली निवडून, चाळून, सावलीत वाळवली आहे. खडा म्हणून सापडायचा नाही. तुम्ही जशी आहे तशी म्हणाला होतात, पण मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपल्या घरची माती जायची तर कशीही कशी पाठवू? पाहुण्याला पाणी देतानासुद्धा आपण पेला विसळूनच देतो.

परसाचं लिहिलंत ते बरोबर आहे. आईंच्या हाताची सर माझ्या हाताला नाही, हे लग्न झाल्यापासून ऐकते आहे, आता पाठ झालंय. पण एकदा येऊन माझा पालक बघा. वर बंधारा झाल्यापासून नदी पार बदलली. पूर्वी माजघरात निजलं तरी तिचा आवाज यायचा, आता वळणावर येऊन नुसती उभी असते. पूर आला की चढते आणि खालच्या वाफ्यात गाळ टाकून उतरते. काय गाळ आहे! काळा, लोण्यासारखा, बोटांना खरखर म्हणून लागत नाही. खत घालावं लागत नाही. शिक्षिकाबाई आणि पलीकडच्या चष्मेवाल्या काकू घमेली भरभरून नेतात आपापल्या परसात टाकायला.

भिंगरी मजेत आहे. दिवसभर गरगर फिरते आणि फिरताना आकडे म्हणते. दहा झाले की धपकन पडते आणि हसत सुटते. खोड एकच, मी भाजी खुडायला बसले की वाफ्यातली माती चाटते. बाहुलीच्या चमच्याने खाते, इतकी शिस्तीची! ओरडले की म्हणते, "आजी, गोड आहे." आता काय बोलणार.

तुम्ही मला तू म्हणता आणि मी तुम्हाला तुम्ही, तरी शेळ्या मात्र मीच हाकायच्या. चालू द्या.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुझी माती पहिली आली! सगळ्या नमुन्यांत तुझाच स्वच्छ. शिसं अगदी नावापुरतं, कुठल्याही भल्या जमिनीत असतं तेवढंच. साहेबांनी आकडा दोनदा बघितला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या माहेरचे लोक मातीला अंघोळ घालतात का?" मी म्हटलं, "वहिनी घालते." रव्यासारखी चाळलीस की गं! तुला जशी आहे तशी म्हणजे काय, ते पुढच्या जन्मी समजावेन.

एक गंमत सांगू? मातीत पुदिन्याची बारीक मुळं निघाली. चिमट्यात धरून वास घेतला तर अजून येत होता. आई समोर उभी राहिली माझ्या. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर डोळे पुसावे लागले, मग नाकात धूळ गेली म्हणून सांगितलं.

परसाबद्दल जे बोलले ते शब्द मागे घेते. अशी माती ज्या बाईने राखली तिला मी तण दाखवत होते. चुकलं माझं.

आता तुझ्याच मातीशी ताडून आम्ही बाकीचे नमुने लावतो आहोत. पुलाजवळची अवस्था भयंकर आहे. तुमच्याकडची काळजी नाही, म्हणून निदान एका बाजूने मला झोप लागते. भिंगरीला पालक पोटभर घाल. माती खाणाऱ्या पोरांच्या अंगात रक्त कमी असतं, पालकाने भरून येईल. आणि तुझी माती अशी आहे की चिमूटभर पोटात गेली तरी काही बिघडायचं नाही.

दादाला म्हणावं, कानाचं यंत्र घे.

तुझी,
नणंद


११ एप्रिल

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. शाळांचे गणवेश अंगावर आलेत, शिवणयंत्रावरून मान वर होत नाही.

तुमचं पत्र यांनी ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. ऐकू येत नसलं तरी आवाज खणखणीत आहे. शिक्षिकाबाई होत्या, चष्मेवाल्या काकू होत्या, रस्त्याने चाललेला दूधवालासुद्धा सायकल टेकून थांबला. "सरकारी प्रयोगशाळेने सांगितलंय, आपली माती सगळ्यात स्वच्छ!" गाळ न्यायला आता चार घरं जास्त येतात. शिक्षिकाबाईंनी तर मुलांना खेळायला अंगणात गाळाचा ढीग करून दिलाय.

भिंगरीची तब्येत जरा नरमगरम आहे. मधूनमधून पोट धरून बसते, शौचाला होत नाही. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. चिडचिडी झाली आहे. परवा केस विंचरताना माझ्या हाताला चावली, आणि मग स्वतःच रडत बसली. फिरतेही कमी. मी पालक वाढवलाय, दोन्ही वेळा भरवते.

एक विचारायचं होतं. शिक्षिकाबाई विचारत होत्या, मला नाही. समजा कोणी मातीचा नमुना सांगितला तिथून न घेता जरा इकडून तिकडून घेतला, म्हणजे त्याच घरातला पण दुसऱ्या कोपऱ्यातला, तर फार फरक पडतो का? त्यांना आपली मुलांना शिकवायला माहिती हवी आहे. सवड झाली की लिहा.

तुमची,
वहिनी


२ जून

वहिनी,

रागावली असशील, पण अहवाल द्यायचा होता. दिला एकदाचा. बैठकीत नकाशा भिंतीवर लावला होता. पुलापासून वळणापर्यंत लाल, वळणाच्या पुढे हिरवा. लाल भागातली वरची माती काढून न्यायची, मुलांची रक्ततपासणी करायची असं ठरलंय. वळणापुढे काही करायची गरज नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बैठक संपल्यावर मी त्या हिरव्या रंगावर बोट ठेवून आपलं घर कुठे येतं ते बघत उभी राहिले, वेड्यासारखी.

पुलाजवळच्या घरांत मी स्वतः जाऊन आले. तिथली मुलं बघवत नाहीत. हसऱ्या पोरी एकाएकी चिडक्या होतात, पोट दुखतं, शौचाला होत नाही, रंग उडतो. आया म्हणतात, जंत असतील. येत असलेलं विसरतात, हे तर सगळ्यात वाईट. एक आई सांगत होती, माझी मुलगी गाणं म्हणायची, आता दोन ओळी झाल्या की अडते. भिंगरीचं तू लिहिलंस ते मी पुन्हा काढून वाचलं. पण तुमचं वेगळं. तुमची माती मी माझ्या हाताने तपासली आहे. जंतच असणार, औषध पुन्हा दे.

शिक्षिकाबाईंना सांग, फरक पडतो, फार पडतो. एकाच परसात दोन हातांवर जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, मुख्य म्हणजे जिथे पुराचं पाणी चढतं आणि जिथे चढत नाही तिथे. म्हणून तर मी तुला वाफा नेमून दिला होता. शाबास म्हणावं, चांगला प्रश्न विचारला.

तुझी,
नणंद


६ जून

वन्सं,

प्रश्न शिक्षिकाबाईंचा नव्हता. माझा होता.

ती माती खालच्या वाफ्यातली नव्हती. मागच्या दाराशी जुनं पाण्याचं टाकं आहे ना, चीर गेल्यावर आईंनी माती भरून त्यात पुदिना लावला होता, त्यातली होती. तिथे पूर कधी चढलेला नाही. माती आईंनी भरली तेव्हाचीच आहे, बंधारा व्हायच्या कितीतरी आधीची. तुम्हाला पुदिन्याची मुळं सापडली, तेव्हाच मी मनात म्हटलं, आता धरलं वन्संनी मला. पण तुम्ही नाही धरलंत.

असं का केलं ते सांगते, तुम्हाला पटो न पटो. तुमचं पत्र हातात घेऊन मी खालच्या वाफ्यात गेले होते. एक खड्डा काढलाही. वर काळा गाळ, खाली घट्ट निळसर थर, त्याला गंजल्या लोखंडासारखा वास. तण तर होतंच. मला वाटलं, हे बघून तुम्ही साहेबांसमोर म्हणाल, आईच्या वेळी असं नव्हतं. आईंची माती आईंच्या टाक्यात होती, तीच पाठवली. म्हटलं, एकदा तरी या बाईला माझ्या परसात खोट सापडू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिसं, विष हे सगळं मी वाचलं होतं, पण ते पुलाजवळचं. आपल्यापर्यंत काय पोचणार आहे, असं तुम्हीच लिहिलं होतंत.

मग तुम्ही शब्द मागे घेतलेत. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. तो कागद मी यंत्राच्या खणात ठेवला आहे आणि दोऱ्याची रिळं काढताना रोज बघत होते. आता सांगितलं तर तो परत द्यावा लागला असता. मला तो द्यायचा नव्हता, इतकंच. आणि इतक्यासाठी मी पोरीला दोन्ही वेळा पालक भरवला.

काल तुमचं पत्र आल्यावर भिंगरीला म्हटलं, आकडे म्हण बघू. सहापर्यंत गेली. मग दोन म्हणाली, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

परसाच्या दाराला कुलूप लावलंय. भाजी उपटून टाकली. यांना अजून सांगितलेलं नाही, फोन उचलला तर हे शेजारीच बसलेले. तुम्ही या. मला काय बोलायचं ते मागाहून बोला, मी ऐकून घेईन, पण आधी या.

वहिनी


१९ जुलै

वहिनी,

तुमच्याकडे होते तेव्हा आपण दोघी काही बोललोच नाही. तू गाडीपर्यंत सोडायला आलीस आणि पाण्याची बाटली हातात दिलीस, तेव्हाही नाही. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

खालच्या वाफ्याचा निकाल आला. पुलाजवळच्या मातीपेक्षा वाईट आहे. मी तो तीनदा तपासून बघितला. आता कळतं ते असं. भट्ट्या आपल्या लहानपणीही होत्या. पण तेव्हा नदीला ओढ होती, ती सगळी घाण वळणावर न थांबता पुढे नेऊन समुद्रात टाकायची. बंधारा झाल्यावर तिचा जीव गेला. आता ती वळणाशी येऊन थांबते आणि वरून आणलेलं सगळं आपल्या दारात खाली ठेवते. तुझं पत्र माझ्याकडे जानेवारीपासून होतं. नदी नुसती उभी असते, गाळ टाकून जाते, सगळं तू लिहिलं होतंस. मी ते गप्पा म्हणून वाचलं. थांबलेलं पाणी वरून आणलेलं सगळं खाली टाकतं, हेच मी दुसऱ्यांना व्याख्यानात सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि पुदिना. आपल्या घरात पुदिना टाक्याशिवाय कुठेही नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं का? लहानपणी त्या टाक्याच्या कडेवर बसून मी अभ्यास केलाय. मुळं नाकाशी धरून रडले, पण ती कुठून आली हे विचारलं नाही. तेव्हा सगळा दोष तू एकटीने डोक्यावर घेऊ नकोस. थोडा माझ्यासाठी ठेव. चिडले नाही असं मात्र म्हणणार नाही. गाडीत बसल्यावर मी तुला मनात इतकं बोलले की शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली. अजूनही एखाद्या वेळी बोलते.

भिंगरीचं खरं ते सांगते, एकमेकींना खोटं सांगून झालंय आपलं. रक्तातलं शिसं फार वाढलेलं आहे. औषधाने ते उतरेल. हाडात जाऊन बसलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येत राहील. डोक्याला किती धक्का पोचला ते आज कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाळेत जाईल तेव्हा कळेल. जे गेलं ते औषधाने परत येत नाही. तिला त्या घरात ठेवायचं नाही, हे तुझ्या लेकीला मीच फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. तुझ्याशीही बोलत नसेल, तर वाट बघ.

अहवाल चुकला असं मी लिहून दिलं. नमुना नेमल्या जागेवरून घेतला गेला नाही, खात्री न करता मी तो वळणापुढचा म्हणून लावला, चूक माझी. तुझं नाव कुठे नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुलनेची माती म्हणून ती उत्तमच होती, बाकीचे आकडे बरोबर आहेत, मग एवढा गवगवा कशाला?" मी म्हटलं, त्या हिरव्या रंगात माझी नात आहे. आता ते काम माझ्याकडून काढून घेतलंय. नव्या बाईंकडे दिलंय, त्या चांगल्या आहेत. पण एका घराच्या मातीवर नकाशाचा रंग बदलत नाही. वळणापुढच्या सगळ्या घरांचे नमुने हवेत, आणि लोक परक्या माणसाला परसात पाऊल टाकू देणार नाहीत. माझं पत्र त्यांनी ऐकलंय, त्यांच्या दृष्टीने आपली माती सगळ्यात स्वच्छ आहे.

म्हणून तुला सांगते. तू जा. घरोघर जाऊन सांग, का ते सांग, आणि माती घेऊन ये. जशी आहे तशी. हे मी तुला शिक्षा म्हणून सांगत नाही. दुसरं कोणी गेलं तर ऐकणार नाहीत म्हणून सांगते.

तुझी,
नणंद


३ ऑक्टोबर

वन्सं,

लेक येऊन नातीला घेऊन गेली, त्याला दोन महिने होत आले. माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही. भिंगरीची झबली मी धुऊन, घड्या घालून ठेवली होती, तीही नेली नाहीत. म्हणाली, "इथलं काही नको." बरोबरच आहे तिचं. यांना मी सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. हे उठले. दुकानात गेले आणि दिवसभर एकच घड्याळ उघडून बसले.

मग मी घरोघर गेले. शिक्षिकाबाईंकडे पहिल्यांदा. त्यांचा धाकटा पोट धरून कोपऱ्यात बसला होता. मी सगळं सांगितलं, टाक्याचं, पुदिन्याचं, तुमच्या शब्दांचं. त्या ऐकत होत्या आणि अंगणातल्या ढिगाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आता जा." मी फाटकाशी पोचले तर धावत आल्या आणि माझ्या हातातली पिशवी हिसकून घेतली. स्वतः भरून आणली, गच्च, गवतासकट. तोंडाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला तपासायला घेऊन गेल्या.

दूधवाल्याने दार लावून घेतलं. आतून म्हणाला, "तेव्हा तुमच्या ओसरीवर ऐकलं ते खरं, का आता सांगताय ते?" मी त्याच्या पायरीवर पिशवी ठेवून आले. तीनदा गेले, रिकामीच होती. चौथ्यांदा भरलेली होती. कोणी भरली माहीत नाही, त्याच्या बायकोने भरली असावी.

चष्मेवाल्या काकूंचं सांगायचंय तुम्हाला. त्या फार चांगलं बोलल्या. बसवलं, "चूक कोणाकडून होत नाही," म्हणाल्या. आत जाऊन माती घेऊन आल्या, सुपात. वन्सं, ती चाळलेली होती. एक खडा नाही, एक काडी नाही, कुंडीतली असणार. काकू म्हणाल्या, "मोठ्या लोकांपुढे जाणार म्हणून जरा नीट करून दिली हो." मी त्या सुपाकडे बघत राहिले. मला रडू येईना आणि हसू येईना. मग म्हटलं, "काकू, चला, परसात तुम्ही भाजी खुडता ती जागा दाखवा." त्या म्हणाल्या, "तिथे फार घाण आहे गं, तण माजलंय." मी म्हटलं, "माझ्याकडेही आहे." मग उठल्या.

सगळ्या पिशव्या एका पेटीत घालून पाठवते आहे. निळ्या कापडाच्याच आहेत, प्रत्येकीवर कोणाचं घर ते शिवलं आहे दोऱ्याने, शाई पुसली जाते म्हणून. आपली सगळ्यात खाली आहे. खालच्या वाफ्यातली, पाच ठिकाणची, वितभर खोल. हात लावलेला नाही. त्यात बाहुलीचा चमचा निघाला. काढू की नको, विचार करत बसले. मग तसाच ठेवला, जशी आहे तशी म्हणाला होतात म्हणून. नव्या बाईंना म्हणावं, काम झालं की तो परत पाठवा.

तुमचं ते पत्र मी यंत्राच्या खणातून काढून या पेटीत ठेवलं आहे. तुमचे शब्द तुम्हाला परत.

काल लेकीचा फोन आला. माझ्याशी बोलली नाही, फोन भिंगरीच्या कानाला लावला. रंग परत आलाय म्हणे, जेवते, रात्री रडत नाही. व्हरांड्यात फिरत होती, पावलांचा आवाज येत होता. एक, दोन, तीन, चार म्हणाली आणि थांबली. मग विचारलं, "आजी, पुढे काय?"

मी म्हटलं, पाच. तिने पाच म्हटलं. मग पुन्हा विचारलं, "पुढे काय?" यांनी स्पीकर लावलेला होता. पण काय म्हणाली, असं यांनी विचारलं नाही.

तुमची,
वहिनी